नाक्यावर न आलेले ट्रक

सातवी सही मिळाली नाही तर सांख्यिकीचा वर्ग निघणारच नाही, असं कॉलेजच्या ऑफिसातल्या बापूरावांनी मला सांगितलं, तेव्हा माझ्यामागे रांगेत एक उंच मुलगा एस.टी.च्या पासाचा फॉर्म धरून उभा होता. साल पंच्याऐंशी. गडचिरोली जिल्हा होऊन तीनच वर्षं झाली होती. निम्मी ऑफिसं भाड्याच्या घरांत होती आणि आमच्या कॉलेजात विज्ञान शाखा नवीनच होती.

"सहा झाले. सातवा कोनी दिसून नाई राह्यला," बापूराव म्हणाले. "तुमी केमिस्ट्री घेऊन टाका, बाई."

मी केमिस्ट्री घ्यायला आलेच नव्हते. मी गर्रकन मागे वळले.

"तुमचे विषय ठरले का?"

त्याने आधी स्वतःच्या मागे पाहिलं. मग माझ्याकडे. "मले विचारून राह्यल्या?"

"नाई, खिडकीले!"

"ठरले… म्हणजे गणित आहे, फिजिक्स आहे. तिसरा अजून…"

"सांख्यिकी घ्या."

"ते काय असते?"

आता मला तरी कुठे धड माहीत होतं! पण मागे हटणं माझ्या रक्तात नाही. "जे नक्की माहीत नसते, त्याचं गणित."

तो हसला. हसला की त्याचा एक गालच हसायचा, दुसरा जागच्या जागी. "मंग तं मले जमून जाईन. मले नक्की असं काईच माहीत नाई."

आणि बाई गं, त्याने खरंच सही केली. मी वाकून नाव वाचलं. देवराव रामटेके, मार्कंड्याजवळचं एक खेडं. पासाचा फॉर्म द्यायचा तो विसरूनच गेला, हे मला बापूरावांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

माझी घाई का होती, तेही सांगते. माझे बाबा, रामाजी उंदीरवाडे, वनखात्याच्या नाक्यावर नाकेदार होते. जंगलातून बांबू घेऊन येणारा प्रत्येक ट्रक थांबवायचा, पास तपासायचा, शिक्का मारायचा आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर करायचा, हे त्यांचं काम. आमचं घर नाक्याला लागूनच होतं. मामांनी माझ्यासाठी चंद्रपूरला डी.एड.ची जागा बघून ठेवली होती. दोन वर्षांत मास्तरीण, घरच्यांच्या जिवाला स्वस्थता. मी मात्र अडून बसले होते. मला गणितातच पुढे जायचं होतं. शेवटी बाबा म्हणाले, "एक वर्ष देतो, शीला. पह्यला वर्ग आन अन् पुढं शिक. नाई तं पुढच्या जुलैत चंद्रपूर. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागनं आपल्याले परवडत नाई, बेटा."

साठ टक्के. बस्स, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. निदान जुलैत तरी.

आम्हाला शिकवायला निनावे सर होते. सात मुलांचा वर्ग, पण सर सत्तर मुलांसमोर असल्यासारखे बोलायचे. इंटिग्रेशनचं लांब चिन्ह काढताना ते टाचा उंचावायचे. एक दिवस त्यांनी फळ्यावर एक वक्ररेषा काढली, उंचावरून घसरत जाणारी. "हे एक्स्पोनेन्शियल वितरण. समजा, बस कधीही येऊ शकते, वेळापत्रक नाहीच. मग तुम्ही पाऊण तास थांबलेले असा की आत्ता आलेले, अजून किती थांबायचं त्याचा हिशेब तोच. या बसला आठवण नसते."

मागून देवराव हळूच म्हणाला, "चामोर्शीच्या बसले तं लाजही नसते."

सरांसकट सगळे हसले. मी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्याला इंटिग्रेशन जड जायचं. मग दुपारी कॉलेजच्या ओसरीवर मी त्याला शिकवायला लागले. का, तर त्याला या विषयात मीच ढकललं होतं ना! तो बाभळीसारखे काटेरी प्रश्न विचारायचा आणि मी करवादायचे. एकदा तो गुणाकाराचं इंटिग्रेशन करत होता, त्यात एका भागाला 'यू' धरावं लागतं.

"याच्यात यू कोनाले धरू?"

"जो सोपा होत जाते, त्याले."

तो पेन थांबवून माझ्याकडे पाहतच राहिला. "मंग तुले तं धरताच नाई येत. तू दिवसेंदिवस कठीनच होऊन राह्यली."

'तुमी'चं 'तू' झालं होतं. मी वही मिटली, उगाच रागावले आणि घरी गेले. जाताना रस्ताभर हसत होते, हे त्याला कशाला सांगायचं?

जानेवारीत अकरावं प्रॅक्टिकल आलं. दोघादोघांनी मिळून करायचं. पंधरा दिवस, रोज दहा ते बारा, एकाने एस.टी. स्टँडवर बसून दोन बसमधलं अंतर मिनिटांत लिहायचं, दुसऱ्याने वननाक्यावर बसून दोन ट्रकमधलं. मग ते आकडे त्या घसरत्या वक्ररेषेशी जुळतात का, ते तपासायचं. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला स्टँड आला, जोडीदार म्हणून देवराव. त्याच्या वाट्याला नाका. माझ्याच बापाचा नाका! माझा जोडीदार मुलगा आहे, हे मी घरी सांगितलं नाही. देवरावलाही बजावलं, तिथे माझं नाव काढायचं नाही.

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी मी स्टँडवर बाकावर वही मांडून बसले होते, मान वर केली, तर समोरच्या कॅन्टीनमध्ये देवराव. चहा पीत. त्याने मला पाहिलं आणि कप अर्धा वर केला. मी मान खाली घातली. पाचव्या दिवशी तो तिथेच. सहाव्या दिवशी मी केसांत अबोलीचा गजरा माळून गेले, आता काय लपवायचं! नाक्यावर त्याने दुसऱ्या कोणाला तरी बसवलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विचारलं मात्र नाही. एकदाही नाही.

पंधरा दिवसांनी त्याने जर्नलमध्ये नाक्याचे आकडे उतरवून दिले. दीडशे ट्रकांचे, सुवाच्य अक्षरात. निनावे सरांनी रिवाजाप्रमाणे पानाखाली 'तपासले' लिहून सही केली. फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही दोघं प्रयोगशाळेत आकडेमोड करायला बसलो. कॉलेजात हाताने फिरवायचं गणनयंत्र एकच होतं. तो दांडा फिरवायचा, मी आकडे सांगायचे. घर्र घर्र होऊन शेवटी टिंग वाजायचं. आकडे आणि वक्ररेषा यांच्यात किती फारकत आहे, ते मोजणारा काय-स्क्वेअर काढायचा होता. माझ्या बसचा आला सात पूर्णांक नऊ. चांगला, जिवंत आकडा.

त्याच्या ट्रकचा आला शून्य पूर्णांक तीन.

"वा!" देवराव म्हणाला. "किती जुळलं पाह्य!"

मी पुन्हा काढायला लावला. पुन्हा तेच. सगळे जण कोष्टकाच्या उजव्या टोकाला पाहतात, फारकत फार मोठी तर नाही ना म्हणून. मी डावीकडे पाहिलं. इतकी कमी फारकत दहा हजारांत चार-पाच वेळाच यावी. खरे आकडे असे शहाण्या बाळासारखे रांगेत उभे राहत नाहीत.

"देवराव, हे ट्रक आलेच नाईत."

"कोनते?"

"पह्यले तीन दिवस सोडून सगळे."

त्याने यंत्राचा दांडा सोडला. किती तरी वेळ टेबलावरचा शाईचा डाग पुसत बसला, जुना वाळलेला डाग. मग म्हणाला, "तीन दिवस गेलो होतो. अठ्ठावीस ट्रक खरे आहेत. बाकीचे… सूत्रातून काढले. उलटे."

"एवढी मेहनत! त्याच्यापेक्षा नाक्यावर बसनं सोपं होतं!"

"होतं. पन नाक्यावरून स्टँड दिसत नाई, शीला."

असं काही कोणी बोललं तर माणसानं काय करावं? मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला होता. "माझं वर्ष आहे त्याच्यात! नागपूरचा परीक्षक येईन, त्याच्या एका नजरेत हे दिसन. प्रॅक्टिकलचे पन्नास मार्क आहेत. ते गेले का साठ टक्के गेले. मी चंद्रपूरला पोरांकडून पाढे घोकून घेत बसू?"

त्याचा चेहरा उतरला. बाबांची अट त्याला ठाऊक होती. "हे माह्या डोक्यातच नाई आलं," तो म्हणाला. "चाल. आत्ता सराकडे जाऊ. मी सांगतो."

त्यानेच सांगितलं, एका दमात, काही न लपवता. निनावे सर ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. "मी पान न वाचताच सही केली," ते म्हणाले. "म्हणजे या खोटेपणात मीही आहे." पान फाडता येत नव्हतं, जर्नलच्या पानांवर क्रमांक छापलेले होते. सरांनी लाल शाईने आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, खाली तारीख घातली. "जर्नल द्यायला आठ दिवस आहेत. दोघं जा नाक्यावर. जे येईल ते लिहा. आणि परीक्षक विचारतील, तेव्हा उत्तर तुमचं तुम्ही द्या."

आता घरी सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी देवरावला घेऊन नाक्यावर उभी राहिले. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हा पोरगा तं मागच्या महिन्यात तीन दिस आला अन् गायब झाला. मले वाटलं, बिमार पडला."

"बिमारच होतो, काका," देवराव म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

आठ दिवस आम्ही नाक्याच्या छपरीत बसलो, मधे बाबांचं टेबल. आणि काय सांगू, त्या ट्रकांनी आमची सगळी वक्ररेषा उधळून लावली! तासभर रस्ता रिकामा, नुसता पळसाच्या झाडाखाली कुत्रा झोपलेला. मग एकदम चार ट्रक, एकामागे एक, दोन-दोन मिनिटांनी. पुन्हा तासभर सामसूम. असं का, ते बाबांनीच सांगितलं. वाटेत नाला आहे, नाल्यात रेती. एकटा ट्रक फसला तर दिवस जातो. म्हणून ड्रायव्हर एकमेकांसाठी थांबतात आणि मिळूनच निघतात, एक फसला की दुसरा दोराने ओढतो.

"म्हणजे ट्रक एकमेकाची वाट पाह्यतेत," देवराव माझ्याकडे न बघता म्हणाला.

"लिहा," मी म्हटलं.

तो लिहायचा. अकरा ते बारा काहीच आलं नाही तर तेही लिहायचा. एकदा बाबा घरी आईला सांगत होते, "एकही ट्रक आला नाई, तरी पोरगा उठला नाई. पोट्टा बरा दिसते." आईने माझ्याकडे पाहिलं. मी भाजीत मीठ दुसऱ्यांदा घातलं.

काय-स्क्वेअर आला एक्केचाळीस. वक्ररेषा साफ नापास. आम्ही तसंच लिहिलं आणि खाली नाल्याचं कारण लिहिलं.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. परीक्षक नागपूरच्या बाई होत्या, सुती साडी, आवाज बारीक पण धारदार. आम्हाला दोघांना एकदमच बोलावलं. निनावे सर कोपऱ्यात. बाईंनी पानं उलटली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"हे रद्द का?"

"आकडे मी बनवले होते, मॅडम," देवराव म्हणाला. "चूक माझी आहे."

"आणि पकडले कोणी?"

"मी," मी म्हटलं. "काय-स्क्वेअर फार लहान आला, म्हणून."

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांना ते आवडलं, हे मला स्पष्ट दिसलं. नाल्याचं कारणही त्यांनी दोनदा वाचलं. पेन उचललं… आणि पुन्हा खाली ठेवलं. "पण प्रॅक्टिकल दोघांचं होतं. हा पंधरा दिवस नाक्यावर जातो की नाही, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"नाई, मॅडम, तिले काई माहीत नव्हतं," देवराव घाईघाईने म्हणाला.

झालं होतं. एवढंच पुरे होतं. मी नुसती मान हलवली असती तर पन्नासपैकी पंचेचाळीस माझ्या पदरात पडले असते. पंखा फिरत होता. देवराव माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच विनवत होता, गप राह्य. माझे हात दगडाखाली. पण ज्या पानावरचे खोटे आकडे मी तावातावाने पकडले होते, त्याच पानापुढे बसून आणखी एक खोटं बोलायचं? मला जमेना.

"माहीत होतं," मी म्हटलं. "तो रोज दहा ते बारा स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बसलेला मला दिसायचा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते… तर तो उठून नाक्यावर गेला असता."

निनावे सर अचानक खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड पाहायला लागले. बाईंनी मान खाली घातली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. जा." मी देवरावकडे न बघता जी निघाले, ती थेट घरी.

एप्रिल गेला, मोहफुलं वेचून झाली. मे गेला. देवराव एकदाही आला नाही. गडचिरोलीच्या बाजाराला त्याच्या गावची माणसं यायची, पण विचारणार कोणाला आणि कसं? मामांचं पत्र आलं, डी.एड.चा फॉर्म सोबत. बाबांनी तो कपाटावर ठेवला. मी रोज कपाटाकडे पाहायचे आणि त्या मुलाला शिव्या द्यायचे. आधी कॅन्टीनमध्ये ठाण मांडून बसतो आणि आता तोंड लपवतो!

जूनमध्ये निकाल लागला. मी कॉलेजला जायला चपला घालत होते, तोच नाक्याजवळ सायकलची घंटी वाजली. देवराव. घामाने सदरा भिजलेला, मार्कंड्याकडून सायकल हाणत कॉलेजात जाऊन आलेला.

"बासष्ट!" तो लांबूनच ओरडला. "बासष्ट टक्के! प्रॅक्टिकलले अडतीस देल्ले बाईनं!"

बाबा छपरीतून बाहेर आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, घरात गेले आणि कपाटावरचा फॉर्म काढून आणला. "तुह्या मामाले परत धाडतो," म्हणाले. "कोनाच्या तरी पोरीले कामी येईन." मग डोळे पुसत चहा सांगायला आत गेले. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिले. रडत होते की हसत होते, काय की.

"अन् तुहे किती?" मी विचारलं.

"एक्कावन. प्रॅक्टिकलले अठरा. पास आहो ना! दुसऱ्या वर्षी येतोच."

"एवढे दिवस कुठी होता?"

"तुहा पह्यला वर्ग माह्यामुळं गेला असता, तं मी तोंड दाखवलं नसतं," तो म्हणाला. "म्हनून थांबलो. आता दाखवतो." त्याने सदऱ्याच्या खिशातून एक बारकी वही काढली. "याच्यातला एकही आकडा बनवलेला नाई."

मी उघडली. जानेवारीच्या तारखा. त्यापुढे वेळा. दहा बावीस. दहा एकतीस. दहा अडतीस. पानंच्या पानं.

"हे काय?"

"तू स्टँडवर मान वर करत होती, ती वेळ."

"अरे, मी बसची पाटी वाचाले मान वर करत होती!"

"हो ना. मले बी तसंच वाटलं. मंग तुह्याच जर्नलमधल्या बसच्या वेळेशी ताडून पाह्यलं." त्याने मान खाली घातली, पण तो एक गाल हसत होता. "अकरा वेळा बस नव्हती."

पकडले गेले होते, तेही माझ्याच आकड्यांनी! मी ते पान पुन्हा वाचलं. अक्षर तेच सुवाच्य, पण इथे खाडाखोड होती, घाई होती, एका जागी चहाचा डाग होता. तो तसाच उभा, सायकलला टेकून. आता मी काय म्हणते त्यावर त्याचा जीव टांगलेला दिसत होता.

"अकरा चूक आहे," मी म्हटलं.

"काऊन? मी एकही सोडला नाई!"

"तू कपातला चहा बशीत ओतून पेत होता. बशी तोंडाले लावली का तुहे डोळे खाली. तवा मी पाहत होती, देवराव. ते कोन लिहीन?"

"किती… किती वेळा?"

"मी काऊन मोजू? मले तू आवडत होता. आता बी आवडतो."

सायकल खाली पडली. त्याने ती उचलली नाही. आतून बाबांनी हाक दिली, चहा झाला म्हणून, आणि आई दोन कप-बशा घेऊन ओसरीवर आली. देवराव पायरीवर बसला. त्याने सवयीने चहा बशीत ओतला आणि तोंडाशी नेला.

"डोळे वर ठेवून पे," मी म्हटलं.